प्रलयानंतर आधी कोणी विचारायचं

अष्टग्रही आली त्या वर्षी माझ्या लग्नाला आठ महिने झाले होते. मोताळा तालुक्यात, धामणगाव बढ्याच्या अलीकडे, एका नाल्याच्या दोन बाजूंना दोन टेकड्या आहेत. पश्चिमेच्या टेकडीवर माझं सासर, पूर्वेच्या टेकडीवर माहेर. दोन्ही घरं गावात नव्हती, आपापल्या शेतात होती. नजरेला अंतर फार वाटत नसे. तिकडे मोट सुरू झाली की बैल मागे-पुढे होताना दिसत, माय अंगणात आली की तिच्या लुगड्याचा ठिपका दिसे. पायी जायचं तर मात्र नाल्यात उतरून पलीकडे चढायला सव्वा तास लागायचा. लग्न जमवताना सगळे म्हणाले होते की पोरगी डोळ्यांसमोर राहील. तशी ती राहिली. आठ महिन्यांत मी माहेरी दोनदा गेले होते, आणि डोळ्यांसमोर रोज होते.

सासरी आम्ही तिघं. सासरे, म्हणजे मामंजी, सासूबाई, म्हणजे आत्याबाई, आणि मी. माझे यजमान मलकापूरला कापसाच्या जिनात कारकून होते, ते शनिवारी येत आणि सोमवारी पहाटे जात. मामंजींनी तरुणपणी सात वर्षं रेल्वेच्या फाटकावर नोकरी केली होती. गाडी आली की हिरवी झेंडी, फाटक उघडं असलं की लाल. नंतर भावाच्या माघारी शेती सांभाळायला परत आले, पण येताना दोन्ही झेंड्या घेऊन आले. घरात कुणी एकदम दारातून आत आलं तर त्यांचा हात आपोआप वर जायचा.

पौषाच्या अखेरीला आठ ग्रह मकर राशीत एकत्र येणार आणि त्या दोन-तीन दिवसांत जग बुडणार, ही बातमी आम्हाला बाजारातून कळली. मीठ आणायला गेलेले मामंजी मीठ न आणता ती घेऊन आले. बाजारात एक पंचांगवाला सांगत होता म्हणे की समुद्र उठेल. दुसरा म्हणाला की समुद्र आपल्यापासून लांब आहे, आपल्याकडे आग लागेल. गावागावांत होम सुरू झाले. कितीक जण बिऱ्हाड घेऊन शेगावला जाऊन बसले, कारण बुडायचंच तर तिथे बुडावं. आमच्या यजमानांनी पुढच्या शनिवारी येऊन सांगितलं की काही होत नसतं, जिनात सगळे हसतात. मामंजींनी त्यांना विचारलं की जिन कितीसं उंचावर आहे. यजमान म्हणाले, सपाटीवर. मामंजी म्हणाले, मग हसू द्या.

त्यांनी स्वतः विचार करून असं ठरवलं होतं की जग बुडेल, पण आपण बुडणार नाही. आपलं घर टेकडीवर, खाली काळा पाषाण. पाणी आलं तर नाल्यातून येईल आणि गाव नेईल. आग लागली तर कडब्याच्या गंज्या गावात आहेत. उरलं कोण? आपण, आणि समोरच्या टेकडीवर आपले इवाई. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. मध्ये पाणी भरल्यावर जाणं-येणं बंद होईल. तेव्हा इकडची खबर तिकडे कशी जायची, याची सोय आधी पाहिजे. सात वर्षं खुणांची नोकरी केलेला माणूस एवढ्या मुलखात ते एकटेच होते, आणि ही गोष्ट त्यांना बाजारातून घरी येईपर्यंतच्या वाटेत लक्षात आली होती. इतकं खुशीत मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

पहिल्यांदा धूर करून झाला. माझ्या बाबांना निरोप गेला की उद्या सकाळी आमच्याकडे धूर दिसला तर तुम्हीही करा. मामंजींनी ओल्या निंबाचा पाला पेटवला, डोळे चोळत वर पाहिलं, आणि समोरही धूर निघाला. ते हरखले. आत्याबाई म्हणाल्या की तो त्यांच्या चुलीचा आहे, भाकरीची वेळ झाली. मग नाल्याकाठच्या चार वस्त्यांवरूनही धूर निघाला. मामंजींनी आत्याबाईंना विचारलं, प्रलयानंतर काही दिवस दोन्ही घरांनी चूल पेटवली नाही तर चालेल का. आत्याबाईंनी चुलीत आणखी एक काटकी सारली, त्यामुळे धूर बाद झाला.

मग आवाज. पण बाबा पाखरं हाकायला रोजच पत्र्याचा डबा बडवायचे, तेव्हा खूण कुठली आणि पाखरं कुठली हे कळायला मार्ग नव्हता. मग रेल्वेच्या झेंड्या. मामंजी माळ्यावर, म्हणजे ज्वारीच्या राखणीला बांधलेल्या उंच मचाणावर, चढून अर्धा तास लाल झेंडी हलवत राहिले. दुसऱ्या दिवशी बाबांकडून निरोप आला की काल माळ्यावर माकड दिसलं, ज्वारी सांभाळा. संध्याकाळी त्यांनी आत्याबाईंचं हिरवं लुगडं निंबाच्या झाडावर पसरलं. हिरव्या झाडावर हिरवं लुगडं आम्हालाच अंगणातून दिसेना, आणि उतरवताना ते पदराला फाटलं. त्यानंतर दोन दिवस घरात प्रलयाचा विषय निघाला नाही.

आरसा माझा होता. लग्नात बाबांनी दिलेला, पत्र्याच्या चौकटीतला, दोन वितींचा. मी सकाळी अंगणात वेणी घालत होते. त्याची तिरीप मामंजींच्या डोळ्यांवर गेली आणि ते जागच्या जागी थांबले. त्या दिवसापासून आरसा माळ्यावर राहायला गेला आणि मी वेणी अंदाजाने घालू लागले.

आरशाने काम होत होतं, हे मी कबूल करते. कसा धरायचा हे मामंजींनीच शोधून काढलं. डावा हात लांब करायचा, दोन बोटं फाकवायची, बोटांच्या मधोमध समोरचं घर धरायचं, आणि आरशाचा कवडसा त्या बोटांवर पाडायचा. बोटांवर पडला की समोरच्या घरावर पडलाच. बाबांनी बाजारातून न्हाव्याचा असतो तसला मोठा आरसा आणला. अडचण एवढीच निघाली की सकाळी ऊन आमच्या समोर असे आणि बाबांच्या पाठीशी, दुपारनंतर त्यांच्या समोर आणि आमच्या पाठीशी. म्हणजे आम्ही सकाळी बोलायचं आणि त्यांनी दिवस कलल्यावर उत्तर द्यायचं. मामंजींना यात गैर वाटलं नाही. ते म्हणाले की प्रलयानंतर कुणाला कसली घाई असणार आहे.

आता कोणत्या चमकेचा काय अर्थ, हे ठरवायला दोघे व्याही नाल्यात एका बाभळीखाली भेटले. मी तिथे नव्हते, पण दोन्हीकडून इतक्यांदा ऐकलं आहे की असल्यासारखंच आहे. एक चमक म्हणजे आम्ही जिवंत आहोत. दोन म्हणजे तुम्ही जिवंत आहात का. तीन म्हणजे मीठ संपलं. चार म्हणजे विस्तव विझला. जग बुडाल्यावर माणसाला आणखी काय सांगायचं असतं, असं मामंजींचं मत पडलं. बाबा म्हणाले की पाचवी एक असू द्या. पाच म्हणजे लेकीला माहेरी धाडा.

मामंजी म्हणाले की मध्ये पाणी असेल. बाबा म्हणाले की पाणी कधीतरी उतरेल. बराच खल झाल्यावर पाचवी राहिली, पण ती फक्त आमच्या बाजूने दाखवायची, असं ठरलं. म्हणजे मला धाडायचं असेल तेव्हा मामंजी पाच चमका दाखवतील, बाबांनी मागायचं नाही. यावर बाबा कसे तयार झाले कोण जाणे.

शेवटी उठताना मामंजींनी एक गोष्ट पक्की करून घेतली. ते म्हणाले, "पयला मान वरपक्षाचा. जग बुडलं तरी हे बुडत नाही."

बाबा म्हणाले, "हाव. बरोबर हाय."

दोघे आपापल्या टेकडीवर समाधानाने गेले. मामंजींच्या मते याचा अर्थ असा होता की मुलीकडच्यांनी आधी आपली खुशाली विचारायची. बाबांच्या मते याचा अर्थ असा होता की मुलाकडचे आधी बोलतील, त्यांच्या आधी आपण तोंड उघडणं बरं नव्हे. हे दोन अर्थ आहेत, हे त्या दोघांपैकी कुणालाही सुचलं नाही.

मग ते दिवस आले. धान्य आम्ही वर माळवदावर नेऊन ठेवलं. आत्याबाईंनी पुरणपोळ्या केल्या, कारण बुडणाऱ्या घरात गूळ मागे ठेवण्यात अर्थ नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी बुडालो नाही म्हणून पुन्हा केल्या. खालच्या गावातून भजनाचा आवाज येत होता. मी घाबरले होते की नाही हे आता सांगता येत नाही. तिसरा दिवसही गेला. चौथ्या दिवशी सकाळी कोंबडा आरवला, म्हैस दुधाला उभी राहिली, आणि आत्याबाई म्हणाल्या की हरभरा वाळला, सोंगायला झाला आहे.

मामंजी मात्र आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, माळ्यावर चढून बसले. आरसा फडक्यात गुंडाळून मांडीवर. समोरून विचारणा आली की एक चमक द्यायची, एवढंच काम उरलं होतं. दुपार झाली, दिवस कलला, समोरच्या टेकडीवर ऊन भरलं. चमक आली नाही. मामंजी अंधार पडेपर्यंत बसले आणि खाली आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

दुसऱ्या दिवशीही तेच. आत्याबाई म्हणाल्या की इनीच्या, म्हणजे विहिणीच्या, घरातून धूर निघतो आहे, काय काळजी करता. मामंजी म्हणाले की घर जळत असेल. आत्याबाई म्हणाल्या की मग कालपासून किती जळतं आहे ते. मामंजींनी त्यावर विचार केला आणि मोठं घर आहे म्हणाले. माय अंगणात आलेली मला दिसली, तो लाल ठिपका मी बोट करून दाखवला. मामंजी म्हणाले की कुणाचं तरी लुगडं वाऱ्याने उडत असेल. त्यांना खोटं बोलायचं नव्हतं. ठरलेली खूण आली नाही, तर गाडी आली नाही, असं ते सात वर्षं शिकले होते, मग ती फाटकात उभी का असेना.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला अंगणात बोलावलं. डोळे ओले होते. जवळ एक घागर भरून ठेवली होती.

"सूनबाई," ते म्हणाले, "तुह्या माहेरचं काही खरं दिसत नाही. तू डोक्यावरून पानी घेऊन घे."

मी समोर पाहिलं. म्हटलं, "मामंजी, मोट चालू हाय तिकडं."

"बैल चालून राह्यले," ते म्हणाले. "बैलाइचं काय, ते सवयीनं चालतात."

माघातली थंडी होती. आईबाप डोळ्यांसमोर मोट हाणत असताना त्यांच्या नावाने गार पाण्याने न्हायचं, हे मला जमेना. आणि मामंजींना नाही म्हणायचं, तेही जमेना, कारण ते खरोखर रडत होते. मी म्हटलं की आज गुरुवार आहे, मी गुरुवारी डोक्यावरून न्हात नाही. ते म्हणाले, बरं, मग उद्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते विहिरीवर गेले तशी मी माळ्यावर चढले. लुगड्याचा काचा मारून त्या शिडीवरून मी पहिल्यांदाच चढत होते. आरसा फडक्यातून काढला, आधी त्यात स्वतःला पाहून घेतलं, कारण महिनाभर पाहिलं नव्हतं, आणि वेणी वाकडी आहे हे कळलं. मग डावा हात लांब केला, दोन बोटं फाकवली. बोटांच्या मध्ये माहेर आलं. मला दोनच चमका द्यायच्या होत्या, तुम्ही जिवंत आहात का. पहिली नीट गेली. दुसरीच्या वेळी खालून म्हैस ओरडली आणि आरसा हलला, तेव्हा ती एक गेली की तीन, देव जाणे. मी आरसा गुंडाळून जागच्या जागी ठेवला आणि खाली उतरले. खाली आत्याबाई शेणाची पाटी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माळ्याकडे पाहिलं, आणि गोठ्यात निघून गेल्या.

उत्तर दुपारनंतर यायचं, म्हणून मी मन लावून हरभरा निवडत बसले. पण बारा वाजायच्या आत नाल्याच्या वाटेवरून माणूस चढताना दिसला. लग्नातला गुलाबी फेटा बांधलेले बाबा होते. दोन्ही हातांत कडबोळ्यासारखं फडकं गुंडाळून त्यावर एक मडकं धरलं होतं आणि मडक्यातून धूर येत होता. त्यांच्या मागून, गाडीवाटेने वळसा घालून, बैलगाडी आली. गाडीत माय होती, तिच्या मांडीवर मिठाचं गाठोडं.

बाबांनी मडकं ओट्यावर ठेवलं, मामंजींसमोर हात जोडले.

"इवाई, तुम्ही आधी इच्यारलं," ते म्हणाले. "एवढ्या मानाले आरशानं जवाब देनं बरं दिसलं नसतं. म्हणून सोताच आलो. आम्ही जित्ते हाओत."

मामंजी उघड्या अंगाने, खांद्यावर पंचा टाकून उभे होते. मेलेला व्याही फेटा बांधून दारात आला आहे, आणि आपण न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो आहे, हे एका वेळी गिळायला त्यांना वेळ लागला. त्यांनी माळ्याकडे पाहिलं. आत्याबाईंकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी सूप घेऊन आत गेले आणि दाराआड उभी राहिले.

"हाव," मामंजी शेवटी म्हणाले. "मनलं, इच्यारून पाहावं." मग ताठ उभं राहून म्हणाले, "आम्ही बी जित्ते हाओत."

एवढं झाल्यावर दोघे बसले. बाबांनी सांगितलं की ते तीन दिवस वाट पाहत होते. वरपक्षाकडून आवाज नाही म्हणून त्यांनीही धीर सोडला होता, आणि काल संध्याकाळी माझ्या आठवणीने जेवले नव्हते. मायने मध्येच सांगितलं की तिने त्यांना मी हरभरा वाळवताना दाखवली होती, पण त्यांना ते पटलं नाही. आज सकाळी चमका दिसल्या, पण डोळ्यांत पाणी आल्यामुळे नीट मोजता आल्या नाहीत. दोन होत्या हे नक्की. तीन असल्या तर पंचाईत नको म्हणून मीठ आणलं. चार असल्या तर म्हणून विस्तव. चूल आत चांगली धगधगत होती आणि तिच्यावर चहाचं आधण होतं, ते सगळ्यांना दिसत होतं, पण त्याबद्दल कुणी बोललं नाही. आत्याबाईंनी मडक्यातले निखारे घेऊन आदराने चुलीत घातले.

"अन् पाच असतीन तर?" बाबा खाली पाहत म्हणाले. "म्हणून गाडी आणली."

आता मामंजींची खरी अडचण झाली. चमका त्यांनीच दाखवल्या, हे त्यांनी कबूल केलं होतं. पण किती दाखवल्या हे त्यांना ठाऊक नव्हतं. नव्हत्या म्हणावं तर मग किती होत्या, हे सांगावं लागलं असतं. त्यांनी घसा साफ केला आणि इवायांनाच विचारलं की तुम्ही किती मोजल्या. बाबा कावरेबावरे झाले. माय म्हणाली, पाचच वाटल्या. बाबा तिच्याकडे पाहून म्हणाले, हाव, पाच असतीन.

आत्याबाई चहाचे कप घेऊन बाहेर आल्या. "पाचच होत्या," त्या म्हणाल्या. "मी खाली उभी होती ना."

दाराआड मी पदराचा बोळा तोंडात धरला होता. मामंजींनी चहा बशीत ओतला, फुंकला, प्यायला, आणि म्हणाले, जाऊ द्या आठ दिवस.

मी आठ दिवसांसाठी गेले आणि पंधरा दिवस राहिले. गाडीत बसल्या बसल्या मी मायला विचारलं की खरंच पाच दिसल्या का. ती म्हणाली की बाबांनी दोनच मोजल्या होत्या, मीठ आणि विस्तव त्यांच्या मनाचं, आणि गाडी जुंपायला तिने सांगितलं. फेटाही तिनेच शोधून दिला, कारण एकदा मान मिळालाच आहे तर नीट घ्यावा. शनिवारी यजमान मलकापूरहून आले तेव्हा घरात बायको नाही. मामंजींनी त्यांना सांगितलं की प्रलय झाला नाही म्हणून तिला माहेरी धाडलं. यातलं काहीच न कळल्यामुळे ते रविवारी चालत माझ्या माहेरी आले आणि तिथे बाबांनी त्यांना आरसा कसा धरायचा ते शिकवलं.

आधी विचारण्याने आपलं काही कमी होत नाही, उलट समोरचा फेटा बांधून येतो, हे मामंजींना त्या दिवशी कळलं. मग ते थांबेनात. माहेरी मी उठायच्या आत पश्चिमेच्या टेकडीवर चमचम सुरू झालेली असायची. दोन, म्हणजे जिवंत आहात का. बाबा दुपारपर्यंत आरसा पुसत बसायचे आणि मग एक द्यायचे. एक दिवस तीन आल्या तर बाबा खरंच मीठ घेऊन गेले, आणि मामंजींनी सांगितलं की मीठ आहे, पण चहाला एकट्याने बसवत नव्हतं. त्यानंतर तीनचा तोच अर्थ झाला. लग्नानंतर आठ महिन्यांत जे दोघे व्याही दोनदा, तेही उभ्या उभ्या भेटले होते, ते आता आठवड्यातून तीनदा मीठ घेऊन नाल्यातून ये-जा करू लागले. आमच्या फडताळात त्या वर्षी इतकं मीठ साठलं की आत्याबाईंनी कैऱ्यांचं लोणचं दुप्पट घातलं आणि तरीही उरलं.

पंधरा दिवसांनी सासरी आले तेव्हा आरसा मला परत हवा होता. आत्याबाईंनी मामंजींना तसं सांगून पाहिलं. मामंजी म्हणाले की तो आता कामावर आहे. पुढच्या बाजाराला त्यांनी माझ्यासाठी दुसरा आणला, तळहाताएवढा, ज्यात एका वेळी एकच डोळा दिसायचा. चैत्र लागला तसा हवेत धुराळा चढला. समोरची टेकडी सकाळी धुरकट दिसू लागली, दुपारी दिसेनाशीच झाली. मामंजी चार दिवस माळ्यावर चढून आरसा फिरवत राहिले, मग कंटाळले, पायात वहाणा घातल्या आणि सांगून गेले की जेवायला थांबू नका, मी तिकडेच जेवतो.